सिल्वाचा वाटा

गुनवोरच्या घरात तो हिवाळा खाजवण्याच्या आवाजातच सरला. सिल्वा चुलीजवळ आपल्या घोंगडीवर बसायची, मागचा पाय वर घ्यायची आणि कानामागे सुरू व्हायची. पाय लाकडी जमिनीवर आपटत राहायचा. रेडिओ मोठा केला तरी तो आवाज वर यायचाच. कान आतून लाल, पोटाखालचे केस गळालेले, आणि दिवसाआड पातळ जुलाब. थंड उत्तरेकडच्या येमटलंडच्या जंगलात मूस, म्हणजे घोड्याएवढी थोराड हरणं, शोधत दिवसभर धावणारी ही राखाडी, वळलेल्या शेपटीची कुत्री अवघी सहा वर्षांची होती. तिच्या जातीच्या कुत्रीने त्या वयात डोंगर डोक्यावर घ्यायचा. ही अंगणातून फाटकापर्यंत जाऊन धापा टाकायची.

गुनवोरने उभं आयुष्य सरकारी रस्त्यांवरचा बर्फ लोटायची गाडी चालवली होती. पहाटे सगळं गाव अंथरुणात असताना ही एकटी रस्ता मोकळा करत फिरायची. त्यामुळे आवाज मोठा, मान ताठ, आणि आडवं आलेलं काहीही बाजूला लोटायची सवय हाडीमाशी भिनलेली. आमच्या स्टूरोसेन गावच्या शिकारी गटात मात्र तिला कित्येक वर्षं शेकोटीवरची कॉफी उकळण्यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. पुढे तिचा भाऊ एव्हर्ट पाठीने अधू झाला, गटाच्या कुत्र्यामागे चिखल तुडवत जायला दुसरं कोणी तयार होईना, तेव्हा कुठे नाइलाजाने साखळी तिच्या हातात आली. त्यानंतर सिल्वा तिने पिल्लू असल्यापासून स्वतः घडवली. गटात कुत्री घेऊन जंगलात शिरणारी ती पहिली बाई. ही गोष्ट ती स्वतः कधी बोलून दाखवत नसे, पण दुसरं कोणी विसरलं तर तिला खपत नसे.

मूसच्या शिकारीत कुत्र्याचं काम एकच. मूस हुडकायचा, त्याच्या नाकासमोर भुंकत राहायचं आणि मालक बंदूक घेऊन पोचेपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही. गेल्या हंगामात सिल्वाने चांगला दांडगा मूस गाठला, थोडा वेळ भुंकली आणि चक्क सोडून दिला. गुनवोर दलदल ओलांडून पोचली तेव्हा मूस केव्हाच पसार झाला होता आणि सिल्वा लाल बोरांच्या झुडपात बसून कान खाजवत होती.

त्या संध्याकाळी शेकोटीपाशी सिक्स्टन बोलला. सिक्स्टन म्हणजे गटाचा म्होरक्या. सत्तरी ओलांडलेला, लाकडाच्या गिरणीत जन्म घालवलेला, तोंडातून शब्द काढताना जिवावर येणारा माणूस.

"गुनवोर, तुझी बाई थकली."

"सहा वर्षांची आहे ती. सहा वर्षांचा असताना तू अंथरूण ओलं करायचास. तुझ्या आईनेच सांगितलंय मला."

सगळे हसले. सिक्स्टन हसला नाही.

"पुढच्या सप्टेंबरात, हंगामाच्या पहिल्या सोमवारी, सकाळी जंगलात पहिल्यांदा सिल्वाला सोडायचं. मूस धरला तर बरंच झालं. सोडला, तर तिथून पुढे गटाची कुत्री कोन्नीची टुंड्रा. तू ठिय्यावर बसायचं."

कोन्नी हा किनाऱ्यावरच्या शहरातून आलेला तिशीतला गडी. जुनी शाळा विकत घेऊन राहत होता. त्याची टुंड्रा तरुण होती, तुकतुकीत होती. माणूस वाईट नव्हता, आणि नेमकी त्याचीच गुनवोरला चीड यायची. ठिय्या म्हणजे जंगलातली एक ठरलेली जागा. तिथे तिपाईवर बसायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि दुसऱ्याच्या कुत्र्याने हाकलून आणलेला मूस समोर येतो का ते बघायचं. गुनवोरसाठी ते पुन्हा कॉफीच उकळणं होतं.

"बसेन," ती म्हणाली. "पण आधी तो सोमवार येऊ दे."

हिवाळाभर तिने कानात थेंब घातले, गोळ्या चारल्या, कुत्र्यांच्या तयार खाण्याच्या एका पोत्याचे दाणे बंद करून दुसऱ्या पोत्याचे सुरू केले. कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी मार्चमध्ये मालिन, म्हणजे तालुक्याची जनावरांची डॉक्टर, हात धुता धुता म्हणाली, "मला वाटतं, त्या दाण्यांतलंच काहीतरी हिला सोसत नाहीये. पोतं बंद करून बघू या. कच्चं मांस, थोडी हाडं, अगदी थोडे आतले अवयव. पण गुनवोर, ऐका, हळूहळू. सुरुवातीला दाण्यांसोबत चमचाभर. एका वेळी एकच नवीन गोष्ट. आणि प्रमाण मी सांगेन तेच."

गुनवोरने "पोतं बंद" आणि "कच्चं मांस" एवढंच ऐकलं. बाकीचं ऐकायला ती थांबली कुठे होती? एव्हाना ती मनाने घरी पोचलीसुद्धा होती.

आमच्याकडे वसंतात गटाची बैठक भरते. बंदुका, परवाने, रस्त्यांची डागडुजी यांवर बोलणं झालं की शेवटी कुत्र्यांच्या खाण्याची पोती मागवतात. सगळ्यांची मिळून एकदम, गाडीभर. कोणाला किती, एवढंच सिक्स्टन विचारतो.

"गुनवोर?"

"मला नको."

"म्हणजे?"

"नको म्हणजे नको. सिल्वा यापुढे मांस खाणार. कच्चं."

पहिल्यांदा एव्हर्ट हसला. सख्खा भाऊ, दुसरा कोण हसणार! "आता तिच्यासाठी टेबलावर काटे-चमचे मांड. मेणबत्ती लाव."

"तुला बोलावीन ना वाढायला," गुनवोर म्हणाली.

सिक्स्टनच्या कपाळावर मात्र आठी पडली. "हे बघ, थट्टा बाजूला ठेव. कच्च्या मांसाची चटक लागली की कुत्रं पडलेला मूस आपलाच समजतं. माझ्या बापाचं एक कुत्रं असंच होतं. त्याने पडलेल्या मूसची मांडी फाडली, आणि बापाने त्याला तिथल्या तिथे गोळी घातली. सिल्वाने पडलेल्या जनावराला दात लावला तर ती गटातून गेली. मग मूस कितीही वेळ धरलेला असो."

म्हणजे आता एकाच्या दोन अटी झाल्या. गुनवोरने मान डोलावली आणि कोट चढवला.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. मोठ्या मूसची कलेजी हल्ली कोणी खात नाही. वयस्क जनावराच्या कलेजीत नको ते साठतं, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण टाकायचीही नाही, कारण शिकारीतलं काही टाकणं म्हणजे शेण खाणं, असं सगळ्यांच्याच आयांनी शिकवलेलं. मग ती पिशवीत बांधून फ्रीजरच्या तळाशी जाते आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहते. गुनवोरची बातमी गावात फुटली आणि चार दिवसांत तिच्या ओसरीवर पिशव्यांचा ढीग लागला. बैठकीत दात काढणारेच गाडी थांबवून पिशव्या ठेवून जायचे. "घे गं, तुझ्या राजकन्येला!" म्हणायचे. कोन्नीनेसुद्धा एक आणून दिली. आपल्याला मदत होतेय असं गुनवोरला वाटलं. खरं तर गावाने आपले फ्रीजर साफ करून घेतले होते.

आणि गुनवोरने काय करावं? तिचं स्वतःचं मांस वसंतापर्यंत संपत आलेलं. तिने सिल्वाला वाडगाभर कलेजी घातली. सकाळी कलेजी, संध्याकाळी कलेजी. सिल्वाने वाडगा चाटून असा लख्ख केला की गुनवोरला भरून आलं. एवढ्या चवीने ती कित्येक महिन्यांत जेवली नव्हती. गुनवोर रोज एक पिशवी वितळवत राहिली.

मग सिल्वाला डांबरासारखी काळी शी व्हायला लागली. नंतर उलट्या. एका सकाळी घोंगडीवरून उठताना ती विव्हळली आणि परत खाली बसली. मान वळवेना, पाय आखडलेले. गुनवोरने तिला उचलून गाडीत ठेवलं. दुकानाशी सिक्स्टन उभा होता. त्याने खिडकीतून मागच्या सीटवर पडलेली कुत्री पाहिली.

"पोत्यातलं बरं होतं म्हणायचं," तो म्हणाला.

गुनवोरने गिअर टाकला आणि गाडी पुढे दामटली. 

मालिनने सगळं ऐकून घेतलं आणि मग चांगलंच फैलावर घेतलं. "नुसती कलेजी? रोज? मी काय सांगितलं होतं? अगदी थोडे अवयव म्हणजे इवलासा तुकडा हो! एवढी कलेजी म्हणजे विषच झालं तिला. जीवनसत्त्वसुद्धा अति झालं की सांधे आखडतात. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर ही पुन्हा धावली नसती."

तिच्यापेक्षा निम्म्या वयाची पोर तिला झापत होती, आणि गुनवोर टोपी हातात धरून शाळकरी मुलीसारखी उभी होती. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "आता बैजवार सांग. या वेळी शेवटपर्यंत ऐकते."

घरी परतताना तिने गाडी तळ्याकाठी थांबवली. मागे सिल्वा झोपली होती. परत पोतं आणावं, ठिय्यावर बसावं, सगळे म्हणतात तसं वागावं, असा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. तेवढ्यात झोपेतच सिल्वाचा मागचा पाय हलला आणि कानाशी जाऊ लागला. आखडलेला असल्यामुळे पोचला नाही. गुनवोरला इतकं वाईट वाटलं की तिने स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि गाडी सुरू केली.

उरलेल्या कलेजीच्या पिशव्या तिने ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवल्या. कोणाला काही न बोलता.

मग तिने पहिल्यापासून सुरुवात केली. आधी सिल्वाला नीट बरं होऊ दिलं, जुने दाणे भिजवून घातले. त्यानंतर चमचाभर मेंढीचं मांस. चार दिवस थांबायचं, शी बघायची, कान बघायचे, मग पुढचा चमचा. ज्या बाईने जन्मात कशाची वाट पाहिली नव्हती, ती सकाळी अंगणात वाकून कुत्रीची शी न्याहाळत उभी राहायची. शेजारीण पडद्याआडून बघायची, बघू दे. दाणे कमी होत गेले, मांस वाढत गेलं. मग चघळायला मेंढीची मान. मग मासे. तळ्यातले मासे ती स्वतः जाळं टाकून धरायची, पण गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांतून जंत होतात म्हणून आधी फ्रीजरमध्ये चांगले गोठवायची. कलेजी आठवड्यातून एकदा, सुपारीएवढी, तीही कोकराची.

आणि मग आलं पोट. रेनडिअर पाळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून तिने न धुतलेली जठरं आणली. आतल्या अर्धवट पचलेल्या चाऱ्यासकट. मालिन म्हणाली होती, पोटाला बरं असतं. त्याचा वास काय सांगावा! एव्हर्ट कॉफीला आला, दार उघडलं आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरला.

"अगं, कोण मेलंय आत?"

"कोणी नाही. ये, केक आहे."

"तो केक तुझा तुलाच लखलाभ!"

जून उजाडला आणि एके दिवशी जेवताना गुनवोरच्या ध्यानात आलं की रेडिओ हळू लावलाय. घर शांत होतं. तिने चमचा खाली ठेवला, सिल्वाला जवळ ओढलं आणि कान उलटून पाहिला. आतली कातडी फिकट गुलाबी, कोरडी. पोटाखाली मऊ नवे केस फुटले होते. गुनवोर खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली आणि कुत्रीच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ तशीच राहिली. जठराचा वास येत होता, पण तिला काही वाटलं नाही.

उन्हाळाभर तिने सायकलला बांधून सिल्वाला पळवलं. आधी दुकानापर्यंत, मग गिरणीपर्यंत, मग तळ्याला वेढा. आणि आणखी एक गोष्ट शिकवली. मांसाचा तुकडा समोर ठेवायचा आणि "थांब" म्हणायचं. सिल्वा थांबायची. लाळ गळायची, डोळे तुकड्यावर खिळायचे, पण जागची हलायची नाही. रोज, न चुकता.

ऑगस्टच्या बैठकीत गुनवोर उभी राहिली. "तुमच्या दोन अटी मला मान्य आहेत. आता माझी एक. सिल्वाने मूस धरला आणि दात लावला नाही, तर वाटणीत तिचा वाटा मांडायचा. जमिनीवर सांडलेलं नको. आपल्या सगळ्यांसारखा वाटा, तिच्या नावाने."

खोलीत हशा पिकला. "मग मतदानालाही आण तिला!" कोणीतरी ओरडलं.

"कुत्र्याच्या नावाने वाटा?" सिक्स्टन म्हणाला. "माझ्या आज्याच्या काळापासून असं झालेलं नाही."

"तुझ्या आज्याच्या काळात बाईनेही कुत्रं धरलेलं नव्हतं."

सिक्स्टनने तिच्याकडे पाहिलं. "आधी मूस उभा करून दाखव," एवढंच म्हणाला.

पहिल्या सोमवारी धुकं होतं. सगळे आपापल्या ठिय्यावर गेले. गुनवोरने सिल्वाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा अडकवला, साखळी काढली आणि कुत्री झाडीत दिसेनाशी झाली. बराच वेळ काहीच नाही. मग दलदलीच्या पलीकडून भुंकणं सुरू झालं. एका जागी, एका लयीत. गुनवोर वाऱ्याच्या उलट्या अंगाने निघाली. गेल्या वर्षी जितक्या वेळात आवाज बंद पडला होता तितका वेळ उलटला. भुंकणं चालूच होतं. मग एकदम थांबलं.

वायरलेसवर कोन्नीचा आवाज आला. "थांबली का हो ती?"

"गप्प बस," एव्हर्ट म्हणाला.

गुनवोर गुडघाभर चिखलात श्वास धरून उभी होती. मूस फुटला होता, पळत होता. सिल्वा आता परत येणार, झुडपात बसून खाजवणार. तिने डोळे मिटून घेतले. आणि लांब, टेकडीच्या अंगाला, भुंकणं पुन्हा सुरू झालं. सिल्वा मागे गेली होती. तिने मूस पुन्हा गाठला होता.

तसं आणखी दोनदा झालं. दुपार होत आली तरी ती कुत्री भुंकतच होती, आवाज घोगरा झाला होता, पण थांबत नव्हता. गुनवोरचे गुडघे बोलायला लागले होते. शेवटचा टप्पा ती जवळजवळ रांगत गेली. फरच्या झाडांच्या फांद्यांमधून तिला काळा थोराड मूस दिसला, शिंगं खाली करून उभा. आणि त्याच्यासमोर इकडून तिकडे नाचणारी, चिखलाने माखलेली सिल्वा. गुनवोरने नेम धरला. एकाच गोळीत काम झालं.

सगळे जमेपर्यंत सिल्वा पडलेल्या जनावराच्या मानेचे केस ओढत होती. तेवढा मान कुत्र्याचा असतोच. सिक्स्टन येऊन उभा राहिला. कोन्नी टुंड्राला साखळीने धरून आला, तिलाही शिकू दे म्हणून. सिल्वा मानेवरून सरकत जखमेपाशी आली. तिथे ताजं रक्त होतं. 

"थांब," गुनवोर म्हणाली. मोठ्याने नाही.

सिल्वाने मालकिणीकडे पाहिलं, जखमेकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे सरून खाली बसली. जिभेवर अडकलेले मूसचे केस थुंकायची खटपट करत राहिली.

त्याच क्षणी टुंड्राने हिसडा दिला, कोन्नीच्या हातून साखळी निसटली, आणि जन्मभर पोत्यातले दाणे खाल्लेल्या त्या कुत्रीने मूसच्या मांडीत दात रुतवले. कोन्नी आणि एव्हर्ट दोघांनी मिळून तिला ओढून काढलं.

"तिने कधी कच्चं पाहिलेलंसुद्धा नाही हो!" कोन्नी लालबुंद होऊन म्हणाला.

"तेच ना," गुनवोर म्हणाली. "उपाशी ठेवलंस बिचारीला."

सिक्स्टनने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली.  वाट्याचं गुनवोरने पुन्हा काढलं नाही. आपलं म्हणणं ती एकदाच सांगते.

मांस टांगून मुरवलं, आणि शनिवारी शेडमध्ये वाटणी झाली. आमची पद्धत जुनी आहे. लांब फळीवर सारखे ढीग मांडतात. म्होरक्या भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा एक जण कुठल्याही ढिगावर सुरी ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" आणि पाठमोरा म्होरक्या न बघता नाव घेतो. त्या नावाला तो ढीग. अदलाबदल नाही, कुरकुर नाही. सिक्स्टन भिंतीकडे वळला. एव्हर्टच्या हातात सुरी होती.

"हा कोणाचा?"

"कोन्नी."

"हा?"

"एव्हर्ट."

"हा?"

"सिल्वा."

इतर नावं घेतली त्याच कोरड्या आवाजात. एव्हर्टची सुरी हवेतच राहिली. ज्या ढिगावर तिचं टोक होतं त्यावर भाजायचा सगळ्यात देखणा तुकडा होता, पाठीचा, कोवळा. एव्हर्टने मांडतानाच त्यावर डोळा ठेवला होता.

"सिक्स्टन," तो म्हणाला, "अरे, या ढिगात तर..."

"नाव पडलं," सिक्स्टन भिंतीकडेच बघत म्हणाला. "पुढचा."

पुढे गुनवोरचंही नाव पडलं, पण तिला ते धड ऐकू आलं नाही. ती आपल्या बुटांकडे बघत होती आणि सारखं नाक पुसत होती. वाटणी संपल्यावर सिक्स्टन वळला, तिच्या शेजारून जाताना जरा थबकला.

"कलेजी काढून ठेवायला सांगितलीय," तो म्हणाला. "तिच्या वाट्यात नको."

एव्हर्ट खोकी उचलून तिच्या गाडीपर्यंत आला. मागच्या सीटवर सिल्वा काचेला नाक लावून बसली होती. "गुनवोर," तो लाडीगोडीच्या सुरात म्हणाला, "तो पाठीचा तुकडा तू ठेव ना. मी येतो रविवारी, साय घालून भाजू. तिला कुठे कळणार आहे, मान काय नि पाठ काय?"

"तिचं नाव पडलंय."

"अगं, ती कुत्री आहे!"

"म्हणूनच. तिला मागता येत नाही."

घरी आल्यावर गुनवोरने तो तुकडा कापला, मालिनने सांगितल्या मापाने रोजचे भाग केले आणि गोठवायला ठेवले. एक भाग बाहेर ठेवला. तो वाडग्यात घालून तिने सिल्वासमोर ठेवला आणि "थांब" म्हणायच्या ऐवजी म्हणाली, "खा."

स्वतःसाठी तिने बटाटे उकडले.